गॅसवर गाडी पुन्हा पुन्हा मिस मारते? प्लग बदलण्याआधी टॅपेट मोजा

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. "एलपीजी किट बसवून दीड-दोन वर्षं झाली. गाडी छान चालत होती. आता सिग्नलला उभी राहिली की थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो. प्लग बदलले, कॉइल बदलली, किटवाल्याकडून ट्युनिंगही करून घेतलं. पंधरा दिवस बरं वाटतं, मग परत तेच." घोडबंदर रोडवरून कापूरबावडी, माजिवडा करत रोज मुंबईला जाणारी गाडी असो किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात दिवसभर फिरणारी, दुखणं हेच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गॅसच्या गाड्यांवर काम करताना ही तक्रार माझ्याकडे सगळ्यांत जास्त येते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बिघाड किटमध्ये नसतो आणि प्लगमध्येही नसतो. तो हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या भागात असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) आपल्या सीटमध्ये, म्हणजे बंद होताना तो टेकतो त्या कड्यात, हळूहळू रुतत गेलेला असतो आणि टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट, संपत आलेली असते.

वेळेवर कळलं तर हे फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आणि पान्याचं काम आहे. उशिरा कळलं तर हेड उतरवावं लागतं, व्हॉल्व्ह नवे टाकावे लागतात, सीट कापाव्या लागतात, आणि गॅसवर वाचवलेले पैसे एका बिलात जातात. म्हणून सुटे भाग बदलत बसण्याआधी खालच्या क्रमाने तपासा.

आधी स्विच पेट्रोलवर टाका

इंजिन पूर्ण गरम झालं की गाडी उभी करून आयडलला ठेवा, गॅसचा स्विच पेट्रोलवर टाका आणि चार-पाच मिनिटं ऐका. निम्मं निदान इथेच होतं.

पेट्रोलवर गाडी गुळगुळीत चालते आणि फक्त गॅसवर मिस मारते, तर इंजिनचं पोट बहुधा ठीक आहे. मग आधी इग्निशन बघा. एलपीजी आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा तडा गेलेला कॉइलचा रबरी बूट पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. पावसाळ्यात प्लगच्या विहिरीत ओल गेली की हे हमखास होतं. गॅसच्या गाडीत प्लगची गॅप थोडी कमी ठेवतात. मॅन्युअलमध्ये १.० ते १.१ मिलीमीटर असेल तर ०.८ च्या आसपास. गॅप आधीच बारीक असलेल्या प्लगला हात लावू नका. इग्निशन चोख निघालं तर गॅसचे दोन फिल्टर बघा. एक रिड्यूसरच्या (द्रव गॅसची वाफ करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी द्रव गॅससाठी असतो, दुसरा रिड्यूसर आणि इंजेक्टर रेल (गॅसच्या इंजेक्टरांची पट्टी) यांच्या मध्ये. पहिला फिल्टर कुठे आहे हे पुष्कळ मालकांना माहीतच नसतं, त्यामुळे तो कधी बदलला जात नाही. त्यानंतर रेलचे इंजेक्टर. ते तेलकट मळीने चिकटायला लागले की थंड इंजिनावर पहिली काही मिनिटं गाडी लंगडते.

पण गाडी पेट्रोलवरही थरथरत असेल, आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबून आरपीएम दोन हजारांवर नेल्यावर थरथर नाहीशी होत असेल, तर प्लगचं पाकीट उघडू नका. ही खूण व्हॉल्व्ह नीट न बसण्याची आहे. आयडलला प्रत्येक स्ट्रोकला वेळ जास्त मिळतो, म्हणून गळतीही जास्त होते. वेग वाढला की गळायला वेळच उरत नाही आणि सिलिंडर पुन्हा काम करायला लागतो. नवे प्लग टाकल्यावर काही दिवस बरं वाटतं, कारण ताजा प्लग अशक्त कॉम्प्रेशनमध्येही ठिणगी टाकून जातो. पंधरा दिवसांनी तक्रार परत येते ती याच कारणाने.

आता मोजा

तीन चाचण्या आहेत. तिन्हींना मिळून अर्धा दिवस पुरतो.

कॉम्प्रेशन टेस्ट इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलची कनेक्शनं सोडवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून करायची. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. तीन सिलिंडर १२ बारला आणि एक ९ ला, असं चित्र दिसलं की रोगी सापडला. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग झिजल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

लीक-डाउन टेस्ट त्याहून स्पष्ट बोलते, पण ती मागितल्याशिवाय कोणी करत नाही. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरच्या टोकाला फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो. थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गॅसवर चाललेल्या गाडीत आवाज बहुतेकदा सायलेन्सरमधूनच येतो.

तिसरी चाचणी टॅपेटची. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिलेली बरी. टॅपेट कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हची गॅप फीलर गेजने मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. उदाहरणार्थ, होंडा सिटीच्या १.५ लिटर आय-व्हीटेकमध्ये इनटेकला ०.१५ ते ०.१९ आणि एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३० मिलीमीटर गॅप असायला हवी. तिथे एक्झॉस्टला ०.१० चं पातंही कष्टाने जात असेल तर व्हॉल्व्ह रुतायला लागलाय. तुमच्या इंजिनाचा आकडा मात्र त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. "सगळ्या गाड्यांना एकच गॅप चालते" म्हणणाऱ्याच्या हातात फीलर गेज देऊ नका.

स्क्रू आणि लॉकनट असलेलं इंजिन असेल तर गॅप तिथल्या तिथे सेट होते. बकेट (वाटीसारखे) टॅपेट असतील तर कॅमशाफ्ट काढून योग्य जाडीचे टॅपेट बसवावे लागतात. ते वेळखाऊ आणि महाग असल्यामुळे बरेच जण टाळतात. हायड्रॉलिक टॅपेटची गोष्ट वेगळी. तिथे गॅप आपोआप भरली जाते, म्हणून व्हॉल्व्ह कितीही रुतला तरी बाहेर काही दिसत नाही. टॅपेटची चाल संपली की मात्र एकदम कॉम्प्रेशन जातं. अशा गाडीला दर वर्षी लीक-डाउन टेस्ट हाच एक भरवशाचा इशारा.

व्हॉल्व्ह रुततो कशामुळे

पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये बारीक थेंबांच्या रूपात येतं. थेंबांची वाफ होताना आत येणारी हवा, पोर्ट आणि इनटेक व्हॉल्व्ह थंड होतात. एलपीजीची वाफ आधीच रिड्यूसरमध्ये झालेली असते, त्यामुळे हा गारवा गॅसवर मिळत नाही. शिवाय पेट्रोल जळताना व्हॉल्व्ह आणि सीटवर अतिशय पातळ थर राहतो, तो धातूवर धातूची घसट थोडी सौम्य करतो. गॅस कोरडा आणि स्वच्छ जळतो. या स्वच्छपणाचं सगळे कौतुक करतात, पण सीटला तोच जड जातो. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं हे काम फार चांगलं करायचं. आपल्याकडे २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हापासूनची इंजिनं कडक सीट घेऊन येतात. पण पेट्रोलला पुरेशी कडक आणि गॅसला पुरेशी कडक, यात फरक आहे. कंपनीतूनच एलपीजीवर आलेली वॅगनआर ड्युओसारखी गाडी आणि बाहेर किट बसवलेली गाडी यांना एका मापाने मोजू नका.

यापुढचा भाग नीट समजून घ्या, कारण सगळं नुकसान इथे होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटवाटे हेडमध्ये आणि तिथून कुलंटमध्ये जाते. व्हॉल्व्ह सीटवर टेकलेला असतो तेवढाच वेळ त्याला थंड व्हायला मिळतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची गॅप कमी होते. गॅप शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. मग त्याला थंड व्हायला जागा राहत नाही आणि फटीतून पेटता वायू निसटत राहतो. थोड्याच दिवसांत व्हॉल्व्हच्या कडेला खाच पडते. सीट झिजायला महिने लागतात. शेवटचं जळणं मात्र फार झटपट उरकतं. म्हणून गॅप संपण्याआधी मोजायची.

ॲव्हरेजचा हट्ट

झिजेचा वेग वाढवणारं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे लीन मिश्रण, म्हणजे हवा जास्त आणि गॅस कमी. बहुतेकदा ते मालकानेच मागून घेतलेलं असतं: "साहेब, जरा ॲव्हरेज काढून द्या."

एक लिटर एलपीजीमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा ऊर्जा कमी असते. त्यामुळे पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी गॅसवर १२ च्या आसपास देईल, आणि ते योग्यच आहे. एखाद्याने अभिमानाने सांगितलं की माझी गाडी गॅसवरही तेवढंच ॲव्हरेज देते, तर मला त्या गाडीच्या व्हॉल्व्हची काळजी वाटते. जुन्या मिक्सर किटमध्ये हे पाप पॉवर स्क्रू (गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणारा स्क्रू) आवळून होतं. सिक्वेन्शियल किटमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या किटमध्ये, ते मॅपमध्ये, म्हणजे कधी किती गॅस सोडायचा या तक्त्यात लपतं.

सिक्वेन्शियल किट बसवल्यावर लॅपटॉप जोडून उभ्या गाडीत ऑटो-कॅलिब्रेशन होतं आणि गाडी मालकाच्या हाती दिली जाते. ते कॅलिब्रेशन फक्त आयडलचं असतं. खरं काम रस्त्यावर करायचं असतं. पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो ते एकाच वेगाला, एकाच लोडला पेट्रोलवर आणि गॅसवर पडताळायचं. स्विच बदलल्यावर तो आकडा बदलला नाही तर मॅप बरोबर. तो वाढला तर गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, ओरडून सांगतोय की गॅस कमी पडतोय. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) हेच लाँग टर्म फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेल्या टक्केवारीतल्या दुरुस्तीच्या रूपात दिसतं. पेट्रोलवरच्या ट्रिमपासून गॅसवरचा ट्रिम पाच टक्क्यांच्या आत असावा. गॅसवर +१५ ते +२० टक्के दिसलं तर गाडी लीन चाललीय.

सपाट रस्त्यावरच्या ट्रिमवर समाधान मानू नका. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि जादा इंधन मागतो. किटच्या नोझल बारीक असतील किंवा रिड्यूसर तेवढा गॅस देऊ शकत नसेल तर त्या क्षणी मिश्रण लीन होतं, कोणीही दुरुस्त करत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद होतो. आपल्याकडे ही चाचणी करायला गायमुखचा चढ आहे, मुंब्रा बायपास आहे, बेलापूरकडच्यांना पारसिक हिल जवळ आहे. पहाटे रस्ता मोकळा असताना जा, गाडी एकाने चालवायची आणि लॅपटॉप दुसऱ्याने सांभाळायचा. चढावर गॅसचा दाब पडत असेल तर नोझल, फिल्टर किंवा रिड्यूसर बदलल्याशिवाय मॅपमध्ये कितीही आकडे भरून उपयोग नाही. चांगल्या किटमध्ये ठरावीक आरपीएमच्या वर गाडी पेट्रोलवर परत जाईल अशी सोय असते. छोट्या इंजिनांत मी ती साडेचार हजारांच्या आसपास लावतो. ईस्टर्न फ्रीवेवर ओव्हरटेक करताना थोडं पेट्रोल जळलं तर जळू द्या.

कुलंट आणि रिड्यूसर

द्रव गॅसची वाफ करायला लागणारी उष्णता रिड्यूसर इंजिनच्या कुलंटमधून घेतो. किट बसवताना हीटरच्या नळ्यांना टी जोडून कुलंट तिकडे वळवलेलं असतं. तिथे हवा अडकली किंवा कुलंटऐवजी साधं पाणी भरलं गेलं की दोन्हीकडून मार बसतो: रिड्यूसर गारठतो, आणि तीन हात नाक्याच्या गर्दीत इंजिन तापतं. रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरलेला दिसला तर गॅसवर चालवणं लगेच थांबवा आणि कुलंटची पातळी बघा. गॅसवर जाण्याचं तापमान ३५ ते ४० अंशांच्या खाली लावून घेऊ नका. चार थेंब पेट्रोल वाचवायला ते खाली आणलं की द्रव गॅस पुढे सरकतो आणि रिड्यूसरमधल्या डायफ्रामचं (पडद्याचं) रबर आकसतं. बऱ्याच रिड्यूसरना खाली ड्रेन प्लग असतो. गॅसमधला तेलकट गाळ तिथे साठतो, तो अधूनमधून काढायचा.

पेट्रोल विसरू नका

टाकीत पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. बऱ्याच गाड्यांत गॅसवर असतानाही पेट्रोल पंप चालूच राहतो आणि त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं. रिझर्व्हवर महिनोन्‌महिने गॅस चालवणाऱ्यांचे पंप जातात. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर निव्वळ पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत आणि टाकीतलं पेट्रोलही शिळं होत नाही.

व्हॉल्व्हसाठी थेंब थेंब सोडणारी ल्युब्रिकेटरची बाटली बाजारात मिळते. मऊ सीटच्या जुन्या इंजिनात तिचा आधार घ्यायला हरकत नाही. लीन मॅपवर मात्र ते औषध नाही. इंजिन ऑइल गॅसवर काळं पडत नाही म्हणून बदलण्याची मुदत वाढवू नका. रंग स्वच्छ राहिला तरी उष्णतेने ते जुनं आणि घट्ट होतच असतं.

किट अजून बसवलं नसेल तर

आधी कॉम्प्रेशन आणि टॅपेट मोजून घ्या. आधीच थकलेल्या इंजिनावर किट बसवणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं. किटला एआरएआय किंवा तशा मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी हवी आणि ती तुमच्या इंजिनाच्या सीसीला लागू हवी. बीएस-६ पेट्रोल गाड्यांत एलपीजी किट बसवायला केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचना काढून परवानगी दिली, ३.५ टनांच्या आतल्या वाहनांसाठी. आरसीवर आरटीओकडून नोंद करून घ्या, ठाण्याची एमएच ०४ असो वा वाशीची एमएच ४३, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. नोंद नसलेल्या गाडीचा दावा अडकतो. टाकीच्या तपासणीची तारीख टाकीच्या पाटीवर असते, ती बघत जा.

घरगुती सिलिंडरवर गाडी चालवायचं कोणी सुचवलं तर त्या माणसाशी पुढे बोलू नका. ते बेकायदा आहे. गाडीच्या टाकीत मल्टिव्हॉल्व्ह असतो, तो ८० टक्क्यांना भरणं थांबवतो आणि नळी तुटली तर प्रवाह रोखतो. सिलिंडरमध्ये यातलं काहीच नसतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, जमिनीलगत साठतो. आपल्या टॉवरांच्या बेसमेंट पार्किंगमध्ये ही गोष्ट जिवाशी येऊ शकते. वास आला तर गाडी सुरू करू नका, दिव्याचं बटण दाबू नका, शक्य असेल तर टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, माणसं बाहेर काढा आणि मोकळ्या हवेतून अग्निशमन दलाला फोन करा. गळती शोधणं नंतर, उघड्यावर, साबणाच्या पाण्याने.

हेड करून आणल्यावर

नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टाकताना सीट फक्त घासून घेऊ नका. रुतलेली सीट काढून गॅसला चालणारी कडक सीट बसवणारा मशीन शॉप शोधा, सीटची रुंदी मॅन्युअलप्रमाणे ठेवायला सांगा आणि गाइडही (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) मोजून घ्या. गाइड सैल असेल तर नवा व्हॉल्व्हही तिरका बसतो. एक्झॉस्टची गॅप दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला सेट करा. टॅपेटचा थोडा आवाज आला तरी चालेल. शांत टॅपेटची हौस गॅसच्या गाडीला परवडत नाही.

पहिले हजार किलोमीटर पेट्रोलवर चालवा. मग गॅस चालू करण्याआधी मॅप रस्त्यावर नव्याने करून घ्या, नाहीतर ज्या मॅपने पहिले व्हॉल्व्ह जाळले तोच नव्यांच्या मागे लागेल. पाच हजारांवर टॅपेट मोजून आकडे लिहा, दहा हजारांवर पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर यापुढे दर वीस हजारांना मोजलं तरी पुरेल. एक्झॉस्टची गॅप मधल्या काळात ०.०५ नेही घटली असेल तर सेट करून गप्प बसू नका, त्याच दिवशी स्कॅनर लावून चढावरचा ट्रिम बघा.